कड्यावरची शिंदळ माकुडी: नवी जागा कशी सिद्ध होते

(दृश्य: सप्टेंबरमधला काळा कडा. धुकं हळूहळू सरकतंय.)

पाऊस ओसरायला लागलाय. कपारीतून बोटाएवढ्या जाड, गोल, हिरव्या फांद्या खाली लोंबतायत. त्यांच्यावर मांसल पानं, आणि टोकाकडे जेमतेम दोन सेंटिमीटरचं फूल. गडद तांबडं, मखमली, वर पिवळे डाग.

ही शिंदळ माकुडी, म्हणजेच शिवसुमन. फक्त सह्याद्रीत, महाराष्ट्रातच उगवणारी. १८६०च्या दशकात डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरच्या डोंगरांमधून तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. पुढे शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा अशा मोजक्या जागा नोंदल्या गेल्या. मग यादीत नसलेल्या एखाद्या गडावर ती दिसते. आता पुढे काय?

(दृश्य: दुर्बिणीतून कडा.)

आधी ओळख. माकडशिंग हिची जवळची नातेवाईक आणि तीही अशाच खडकांवर असते. पण माकडशिंगाची फांदी चौधारी आणि जवळजवळ बिनपानांची. शिंदळ माकुडीची गोल, आणि पावसाळ्यात पानांनी भरलेली. फसगत होते ती उन्हाळ्यात. तेव्हा हिचीही पानं गळतात आणि लांबून उरते ती नुसती करड्या-हिरव्या दांड्यांची गुंतवळ. म्हणून फूल पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. फुलाची वेळ साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. नेमके तेव्हाच कडे निसरडे आणि धुक्यात. तिच्या नोंदींच्या नकाशावर कितीतरी कडे कोरे आहेत ते यामुळेही. योग्य महिन्यात तिथवर कुणी पोचलेलंच नसतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: ती आपणहून उगवली आहे, की कुणी लावली आहे? ही वनस्पती तोडलेल्या फांदीपासून सहज रुजते. देशात-परदेशात हौशी लोकांच्या कुंड्यांमध्ये आहे, आणि काही ठिकाणी संवर्धनासाठी मुद्दाम लावलेलीही आहे. त्यामुळे पायवाटेच्या कडेला, मंदिरामागे किंवा हाताला येईल अशा उंचीवर एकच झुबका दिसला, तर शंका घ्यावी. माणूस पोचणार नाही अशा उभ्या भिंतीवर, निरनिराळ्या पायऱ्यांवर, लहान-मोठ्या वयाची झाडं दिसली आणि त्यात बीपासून आलेली कोवळी रोपं असली, तर ती आपणहून उगवल्याची बाजू भक्कम होते. जवळपास कुठे लागवड झाली होती का, हे वनविभागाकडे आणि गावात विचारून घ्यावं.

मोजणीत चूक होते ती इथे: लोक फांद्या मोजतात. मोजायचे ते झुबके. तेही सावधपणे, कारण वरून तुटून पडलेली फांदी खालच्या पायरीवर रुजते. दहा झुबके म्हणजे दहा झाडं असतीलच असं नाही. म्हणून शेंगा शोधाव्यात. फुलावर माश्या येतात, परागण झालं तर शिंगांसारख्या जोडशेंगा धरतात, आणि त्यातल्या बियांना रेशमी केसांचा झुपका असतो. वारा त्यांना नेतो, पण रुजायला कपार मिळावी लागते.

(दृश्य: कड्याच्या माथ्यावर जीपीएस यंत्र.)

कड्याच्या पोटाशी अर्धं आकाश झाकलेलं असतं. जीपीएसचा आकडा भरकटतो, कधीकधी दरीपलीकडचा दाखवतो. म्हणून माथ्यावर उघड्या जागी पाच मिनिटं थांबून नोंद घ्यावी, तिथून झाडापर्यंतची दिशा आणि खोली लिहावी. उंची नकाशावरून पडताळावी. कड्याचं तोंड कुठे आहे, ऊन किती वेळ पडतं, शेजारी कोणती झाडं आहेत, शेळ्या कुठवर पोचतात, हेही त्याच वहीत.

नमुना घ्यायचा तर आधी वनविभागाची लेखी परवानगी. संरक्षित गड असेल तर पुरातत्त्व विभागाचीही. मुळासकट काही उपटायचं नाही. वीसपेक्षा कमी झुबके असतील तर फांदीलाही हात लावू नये. कड्याखाली गळून पडलेली फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये घ्यावीत. झुबके भरपूर असतील तर १५ सेंटिमीटरची एक फांदी पुरते. पण वाळवण्यासाठी ती कागदात तशीच दाबली तर मरत नाही. आठवडेच्या आठवडे जिवंत राहते, पानं टाकते, शेवटी बुरशी येते. म्हणून उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवावी, उभी चिरून आतला गर काढावा, आणि टीपकागद पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ बदलावा. अल्कोहोलमध्ये फुलाचा रंग जातो, तेव्हा ताज्या फुलाचा फोटो मोजपट्टीसह आधीच काढलेला हवा.

हा नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जुन्या नमुन्यांशेजारी ठेवून ताडून बघता येतो. त्यानंतरच नवी नोंद म्हणायचं.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर फुलाचा फोटो.)

आणि घाई इथे नडते. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात. तो तसाच टाकला, की पुढच्या रविवारी पिशवी घेऊन कुणीतरी त्या कड्याखाली उभं असतं. फोटो टाकण्याआधी स्थानाची माहिती काढून टाकावी. अचूक जागा नमुन्याच्या चिठ्ठीवर आणि वनविभागाच्या नोंदीत लिहावी. बाहेर फक्त तालुका सांगावा.

(दृश्य: मे महिना. तोच कडा, तापलेला. पानं गळलेल्या दांड्या. वहीत झुबक्यांचा दुसरा आकडा लिहिला जातो.)