पुढचा ‘जर’ कोणता?

मित्रहो, आजचा विषय ऐकायला घरगुती वाटतो. ई-रीडरवर पुढचे पुस्तक कोणते वाचावे, आणि त्यातही ऐतिहासिक कादंबऱ्या, विज्ञानकथा व ‘असे घडले असते तर’ या जातीचे कथालेखन यांतून निवड कशी करावी, एवढेच मला सांगायचे आहे. पण हा प्रश्न मला स्वतःला इतका छळत आलेला आहे, की मी त्याविषयी थोडे गंभीरपणे बोललो तर आपण मला क्षमा करावी.

गेल्या मे महिन्यातील एका रात्री आमच्या भागातील वीज गेली, कूलर बंद पडला आणि मी ई-रीडर घेऊन गच्चीवर जाऊन बसलो. यंत्रात त्या वेळी दोनशे चौदा पुस्तके होती आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक न उघडलेली होती. मी एक उघडले, दोन पाने वाचली, मिटले. दुसरे उघडले, तेही मिटले. अशी पाऊण तास चाळवाचाळव करून शेवटी मी काहीही न वाचता झोपलो. एवढी पुस्तके कपाटात असती तर घरच्यांनी मला केव्हाच जाब विचारला असता. या यंत्राला मात्र पोट सुटत नाही, त्यामुळे आपली हाव कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. (माझ्या यंत्रासोबत आलेल्या पत्रकात ते 35 अंशांहून अधिक तापमानात वापरू नये असे छापलेले आहे. ते पत्रक लिहिणाऱ्याने नागपूरचा उन्हाळा पाहिलेला नसावा.)

दुकानाचे संकेतस्थळ आपल्याला शिफारशी करते हे खरे. पण त्या शिफारशी इतरांनी सोबत काय विकत घेतले यावर बेतलेल्या असतात. पानिपतावरची कादंबरी संपवली की ते आपल्यासमोर आणखी पाच लढाया आणून ठेवते. पहिल्या लढाईने आपल्या मनात जो प्रश्न जागा केला, त्याचे उत्तर दुसऱ्या लढाईत असेलच असे नाही. मी गेली काही वर्षे निवडीची वेगळी रीत पाळतो आहे. प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीच्या पोटात एक ‘जर’ दडलेला असतो. पुस्तक मिटताना तो ‘जर’ ओळखायचा आणि पुढचे पुस्तक त्याच्या मागावर निघून शोधायचे, अशी ही रीत आहे.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ 1962 मध्ये प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचक माधवराव पेशव्यांसाठी हळहळला. माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले. ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने 1826 च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात असा अभिप्राय दिला आहे, की या तरुण पेशव्याचा अकाली मृत्यू मराठी साम्राज्याला पानिपतापेक्षा कमी घातक ठरला नाही. हे विधान नीट पाहिले तर ते इतिहासाचे जितके आहे तितकेच जर-तरचेही आहे. कारण माधवराव जगते तर काय झाले असते, हे मनाशी धरल्याखेरीज ते करताच येत नाही. योगायोग असा, की त्याच 1962 मध्ये अमेरिकेत फिलिप के. डिक यांची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात दुसरे महायुद्ध जर्मनी व जपान यांनी जिंकलेले आहे. आपल्याकडचा ‘जर’ हुंदक्यात विरला, तिकडच्या लेखकाने त्याच्यावर अख्खे जग उभारले. या दोन कादंबऱ्या मी एकापाठोपाठ एक वाचल्या, तेव्हा दुसरीमुळे पहिली मला पूर्वीपेक्षा अधिक समजली. एरवी त्या दोहोंना एकाच फळीवर कोणी ठेवले नसते.

मराठीत हा ‘जर’ उघडपणे हाताळणारी कथा शोधायची तर जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेकडे जावे लागते. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी त्या कथेत कानाला चाटून जाते, मराठे जिंकतात, आणि पुढच्या काळातील इंग्रजांचा पसारा मुंबईपुरता उरतो. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत त्या निराळ्या जगात सापडतात, तेव्हा ते काय करतात हे आपण बघावे. ते ग्रंथालयात जातात, इतिहासाचे खंड मागवतात, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे चारही खंड आपल्या ओळखीचे असल्याची खात्री करून घेतात, आणि पाचवा खंड पुढून व मागून असा दोन्ही टोकांकडून वाचत आत येतात, तोवर जिथे वाट फुटली तो नेमका क्षण त्यांच्या हाती लागतो. पुस्तक निवडण्याची याहून चांगली रीत मला कोणी शिकवलेली नाही. मी ही कथा, विश्वास पाटील यांची 1988 ची ‘पानिपत’ आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतावरील अभ्यासग्रंथ असा क्रम लावला होता. शेजवलकर शेवटी ठेवले ही माझी चूक झाली. ते आधी वाचले असते तर कादंबरीने कुठे कल्पना केली आणि कुठे कागदपत्रांचा आधार घेतला, हे मला वाचतानाच कळले असते.

आता आपण नागपूरकर आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. ज्या माधवरावांसाठी आपण डोळे पुसले, त्यांच्याच फौजा 1769 मध्ये नागपूरच्या जानोजी भोसल्यांवर चालून आल्या आणि कनकापूरच्या तहाने ते प्रकरण मिटले. पुण्याच्या अंगाने लिहिलेल्या कादंबरीत भोसले हे अडचण म्हणून येतात. नागपूरच्या महाल भागात भोसल्यांच्या वाड्याशेजारी लहानाचा मोठा झालेला वाचक तोच मजकूर वाचताना क्षणभर अडखळतो. अडखळणे ही निवडीची उत्तम खूण आहे, आणि तिथूनच पुढचे पुस्तक शोधावे. पण मग नागपूरच्या बाजूनेही थांबू नये. रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार 1742 ते 1751 या काळात बंगालवर वारंवार चालून गेले. सेनापती भास्करराम यांना 1744 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने बोलणीसाठी बोलावून मारले, आणि 1751 च्या तहात ओरिसाचा वसूल व बारा लाख रुपयांची चौथ पदरात पडली. इथवरचा मजकूर आपण अभिमानाने सांगतो. बंगालमध्ये मात्र आजही मुलाला झोपवताना आई जे अंगाईगीत म्हणते, त्यात ‘बर्गी’ येतात आणि त्या शब्दाचा अर्थ मराठी स्वार असा आहे. ज्याला सरकारातून घोडा व हत्यारे मिळत तो आपला बारगीर. त्या शब्दाचे तिथे जाऊन असे झाले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे त्या स्वाऱ्यांवरील काव्य अठराव्या शतकाच्या मध्याचे आहे आणि त्याचे नावच ‘महाराष्ट्र पुराण’ असे आहे. ते वाचल्यापासून मी ऐतिहासिक कादंबरीच्या नमुना-पानांत पहिल्यांदा शत्रूचा चेहरा शोधतो. त्याला स्वतःची भूक, भीती, हिशेब नसेल तर ते पुस्तक मी सोडून देतो.

नमुना-पानांची सोय हे ई-रीडरचे खरे वैभव आहे आणि आपण ते वाया घालवतो. पुस्तकाचा आरंभीचा काही भाग फुकट मिळतो. तो कथानक कळावे म्हणून वाचू नये, लेखक छोट्या वस्तू कशा हाताळतो हे पाहण्यासाठी वाचावा. एक उदाहरण देतो. देवगिरीच्या यादवांच्या काळातील एक कादंबरी मी उतरवून घेतली होती. तिचे नाव सांगत नाही. 1296 चा प्रसंग आहे, अल्लाउद्दीनाची फौज घाटाखाली आल्याची कुजबूज सुरू आहे आणि मुदपाकखान्यात एक वृद्ध आचारीण पाट्यावर हिरव्या मिरच्यांचा ठेचा वाटते आहे. वर्णन सुरेख होते, वरवंट्याचा आवाज कानांत यावा असे. पण मिरची अमेरिकेतून आली आणि वास्को द गामा कालिकतला 1498 मध्ये उतरला. म्हणजे ती बाई दोनशे वर्षे आधीच ठेचा वाटत होती. तिच्या पाट्यावर मिरे असायला हवे होते, पिंपळी असायला हवी होती. सावजीच्या या गावात मिरचीविना स्वयंपाक कल्पणे अवघड आहे हे मला मान्य आहे, परंतु कल्पणे हेच तर लेखकाचे काम होते. ज्याने स्वयंपाकघर तपासले नाही, त्याने दरबार तपासला असेल यावर माझा विश्वास बसेना. बटाटा, टोमॅटो, भुईमूग हे त्याच बोटीने आलेले पाहुणे आहेत. नमुना-पानांत त्यांच्यावर नजर ठेवावी.

विज्ञानकथेला ही कसोटी थोडी बदलून लावतो. तिथे लेखकाला एक थाप मारण्याची मुभा मी आनंदाने देतो: गोळी चुकली, कालयंत्र चालले, परग्रहावरून संदेश आला. मात्र ती थाप एकदा मारल्यावर बाकीचे जग तिच्याशी इमान राखून चालले पाहिजे. दहाव्या पानावर अडलेले पात्र सोडवण्यासाठी दुसरी थाप आली, की मी थांबतो.

यंत्रासंबंधी दोन-तीन गोष्टी उरकून घेतो. मराठी ई-बुकाच्या नमुन्यात ‘र्‍या’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ ही जोडाक्षरे आधी पाहावीत, कारण जुन्या फॉन्टमधील मजकूर निष्काळजीपणे बदलून घेतला असेल तर ती तुटलेली दिसतात आणि चारशे पाने तशी वाचणे हा डोळ्यांवर अत्याचार असतो. मालिका असेल तर तिचे सर्व भाग ई-रूपात आहेत का, हे पहिला भाग घेण्याआधी तपासावे. मी तीन भागांच्या एका मालिकेचे दोन भाग विकत घेतले आणि मग कळले की तिसरा केवळ कागदावरच आहे आणि कागदावरचा संपलेला आहे. नायक आजतागायत किल्ल्याच्या दिंडी दरवाज्यात उभा आहे. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत आपला कायदा उदार आहे: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. हरि नारायण आपटे 1919 मध्ये गेले, नाथमाधव 1928 मध्ये. त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत, त्यामुळे त्यांची प्रकरणे ऐन वेळी थांबतात आणि बर्डीपर्यंतच्या मेट्रोच्या प्रवासात एकेक बसते.

कार्यक्रमाआधी एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, मग नागपूरचा ‘जर’ कोणता?” मी तिला सीताबर्डीचा किल्ला दाखवला असता, पण तो सर्वांसाठी वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो. 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजी त्या दोन टेकड्यांवर ईस्ट इंडिया कंपनीची फौज आणि अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य झुंजले. 27 च्या सकाळी लहान टेकडी भोसल्यांच्या पदरच्या अरब सैनिकांनी घेतली होती; मग कॅप्टन फिट्झगेराल्डच्या मूठभर घोडदळाने मुसंडी मारली आणि बाजी उलटली. ते घोडेस्वार त्या सकाळी जागचे हलले नसते तर काय झाले असते, या प्रश्नावर बेतलेली मराठी कादंबरी मी अजून शोधतो आहे. माझ्या ई-रीडरमध्ये ‘सीताबर्डी’ नावाचा एक संग्रह तयार करून ठेवलेला आहे. त्यात सध्या इंग्रजी अमदानीतील जिल्हा गॅझेटियरची स्कॅन केलेली एकच प्रत आहे. तिची अक्षरे सहा इंचांच्या पडद्यावर मुंग्यांएवढी दिसतात आणि एकेक परिच्छेद मोठा करून वाचावा लागतो.