दुपारचं आकाश आणि तांब्याची तार

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘क्ष-किरणांचं खगोलशास्त्र आणि सूर्य: हौशी निरीक्षकांसाठी’. पाऊण तासातली दहा मिनिटं प्रोजेक्टरने घेतली. चित्रं राहू देत, मी बोलतेच.

आधी एक तक्रार. आपण सगळे रात्रीचे लोक. अमावास्या आली की गाड्या ठरतात, शहराच्या दिव्यांपासून लांब एखादं पठार गाठायचं, चटया, थर्मास, पहाटेपर्यंत जागरण. आणि पूर्वेला तांबडं फुटलं की दुर्बिणीला झाकण. आपल्या सर्वांत जवळचा तारा उगवतो आणि आपण झोपायला जातो! मला याचं मनापासून वाईट वाटतं. सूर्याची आठवण होते ती ग्रहणाला. तेव्हा क्ष-किरणांशी आपल्या घराचा संबंध एवढाच येतो, की दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म काढायची आणि डोळ्यांसमोर धरायची. कोणी कोणी धरली होती? हात वर करा... निम्मं सभागृह! पुन्हा धरू नका. त्या फिल्ममधून अवरक्त किरण आरपार जातात. डोळ्यातला पडदा भाजतो आणि भाजताना दुखतही नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, क्ष-किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत, मग आम्ही बघायचं काय? खरं आहे. डोक्यावरची हवा वजनाने दहा मीटर पाण्याएवढी भरते. तिच्यातून ते खाली येत नाहीत, म्हणून रॉकेट लागलं, उपग्रह लागले. पण जी हवा क्ष-किरण अडवते, तीच आपला पडदा आहे. किरण अडवताना ती स्वतः बदलते, आणि तो बदल घरात बसून मोजता येतो. आज मला एवढंच सांगायचंय. पण मी इथवर आले कशी, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. बाजारपेठेत बोळाच्या तोंडाशी आठ बाय दहाचं दुकान. आत सोल्डरिंगचा वास, भिंतीला उघड्या पाठीचे सेट. १९७९-८० चे दिवस. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. एके दिवशी दुपारी एक गृहस्थ सेट घेऊन आले: चालू गाण्यात रेडिओ सिलोन गेलं, नुसती खरखर उरली. वडिलांनी पाठ उघडली, बॅण्ड स्विच साफ केला, एक सांधा परत डागला. तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक. तक्रार तीच. मग तिसरे. आणि गंमत म्हणजे तिन्ही सेटवर मीडियम वेव्हची स्टेशनं येत होती, गेली होती ती फक्त शॉर्ट वेव्हची! तासाभराने सिलोन आपोआप परत आलं, तिन्ही सेटवर एकदम. वडिलांनी तिघांनाही पैसे न घेता घरी पाठवलं. रात्री जेवताना म्हणाले, “आज बिघाड सेटमध्ये नव्हता, वर होता.” वर म्हणजे कुठे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला ते कळायला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आणि पुढची दहा वर्षं लागली.

वर म्हणजे साठ ते नव्वद किलोमीटरवर. तिथे आयनांबराचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेचा, सर्वांत खालचा, ‘डी’ नावाचा थर असतो. दिवसा असतो, रात्री विरतो. सूर्यावर ज्वाला भडकली की क्ष-किरणांचा लोंढा आठ मिनिटं वीस सेकंदांत इथे येतो. त्या थरातल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, थर दाट होतो, खाली सरकतो. वरच्या थरावरून परतणाऱ्या शॉर्ट वेव्हच्या लहरींना जाता-येता याच थरातून जावं लागतं. तिथे त्यांची शक्ती शोषली जाते आणि गाणं बंद पडतं. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात; ते वर्ष एकविसाव्या चक्राच्या कळसाचं होतं. वडिलांच्या बाकावर त्या दिवशी तीन क्ष-किरण शोधक मांडलेले होते, असंच मी मानते.

याहून जुनी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक सूर्याची प्रतिमा पडद्यावर घेऊन डाग रेखाटत होता. सव्वाअकराच्या सुमाराला डागांच्या समूहावर दोन लखलखीत ठिपके उमटले आणि पाच मिनिटांत विझले. त्याच वेळी लंडनजवळ क्यू वेधशाळेत चुंबकाची सुई फोटोच्या कागदावर रेघ काढत होती. त्या रेघेत हुकासारखा एक छोटा आकडा आला. त्याला आजही ‘मॅग्नेटिक क्रोशे’ म्हणतात. माझी आई क्रोशाचे रुमाल विणायची. त्या सुईच्या टोकाला जसा आकडा असतो, अगदी तसा. तो आला कशाने? ज्वालेच्या किरणांनी, आणि त्यात क्ष-किरणही होते. त्यांनी वरची हवा एकाएकी जास्त विद्युतवाहक केली, तिथले प्रवाह वाढले, खाली चुंबक हलला. विल्हेल्म रॉन्टजेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये. म्हणजे शोधाच्या छत्तीस वर्षं आधी सूर्याच्या क्ष-किरणांचा ठसा कागदावर उमटला होता. नाव नव्हतं, नोंद होती!

आणि पुढचा अंक आपल्या मुंबईत. दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबरला सकाळी, कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक जो कोसळला, तो सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी; नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. तुलनेला सांगते, १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज घालवणारं वादळ जागतिक सरासरीत ५८९ चं होतं. क्यूच्या नोंदीची रेघ १८५९ मध्ये कागदाबाहेर गेली. कुलाब्याला तेव्हा माणसं डोळ्यांनी आकडे वाचून वहीत लिहीत होती, म्हणून ते सापडले. २००३ मध्ये त्सुरुतानी, लखिना या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी त्या वह्यांवरून या वादळाचा आकार मांडला तेव्हा जगाला कुलाबा कळलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने चुंबकाची सुई बिघडणार म्हटल्यावर चुंबकाचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. समुद्राकाठची ती वेधशाळा आजही चालू आहे. आपण अलिबागला जातो, कुलाबा किल्ला बघतो, भेळ खातो आणि परत येतो.

आता माझी तार. गच्चीवर एक लाकडी चौकट आहे, मीटरभर बाजूची. तिच्यावर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली इनॅमल तार, पन्नास-साठ वेढे. मागे छोटा प्रवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, तिथून तार खाली संगणकाच्या साउंड कार्डात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं एक प्रक्षेपण केंद्र आहे, पाणबुड्यांसाठी. त्याचा संकेत व्हीटीएक्स, कंप्रता १८.२ किलोहर्ट्झ. त्याच्या लहरी डी थराच्या तळाला आपटून आपल्यापर्यंत येतात. तो तळ हलला की इथे जोर कमी-जास्त होतो. संगणकावर दिवसभर एक रेघ सरकत असते. सूर्य उगवताना खळगा, मावळताना खळगा, मधे सपाट माळ. ज्वाला आली की घाट: चढ उभा, उतार लांबचलांब.

१० मे २०२४, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. पानं वाढलेली, मधे आमरसाचं पातेलं. सकाळीच ग्रहणाच्या चष्म्यातून नातवाला सूर्य दाखवला होता. १३६६४ क्रमांकाचा डागांचा समूह एवढा पसरलेला, की पृथ्वी ओळीने पंधरा मांडाव्यात. त्याला तो नुसत्या चष्म्यातून दिसला. पहिली पुरी मोडली आणि नातू ओरडला, “आजी, रेघ पळाली!” मी उष्ट्या हाताने उठले. रेघ कड्यासारखी वर निघाली होती. १२ वाजून २४ मिनिटांनी ज्वालेचा कळस झाला. उपग्रहाच्या नोंदीत तिचा वर्ग लागला, एक्स-४; एक्स म्हणजे सर्वांत जोरदार वर्ग. अर्धा-पाऊण तास आम्ही तो उतार बघत होतो. सूनबाईंनी माझं ताट तिथेच आणून दिलं. उपग्रहाला जे वर दिसलं, ते आमच्या गच्चीवरच्या लाकडी चौकटीने त्याच मिनिटाला सांगितलं. तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

त्या रात्री लडाखमध्ये हानलेचं आकाश तांबडं झालं, तुम्ही फोटो पाहिलेत. पण घोटाळा करू नका. त्या रात्रीचं वादळ दुपारच्या ज्वालेचं नव्हतं, ८ आणि ९ मे रोजी सूर्यावरून निघालेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे तापलेल्या विद्युतभारित वायूच्या, ढगांचं होतं. किरण आठ मिनिटांत येतात, ढगांना एक ते तीन दिवस लागतात. आणि तो निरोप, ‘रात्री साडेबारा ते साडेतीन घातक किरण येणार, मोबाइल बंद ठेवा’, तुमच्या घरच्या गटावर आला तर नीट समजावून सांगा. मध्यरात्री सूर्य आपल्या पायाखाली असतो. मधे सबंध पृथ्वी आहे.

एक सल सांगून पुढे जाते. ३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना, संध्याकाळी ५ वाजून ४८ मिनिटं, एक्स-९. त्या वेळेपर्यंतची या चक्रातली सर्वांत मोठी ज्वाला, आणि आपल्याकडे सूर्य अजून क्षितिजाच्या वर! माझी रेघ कोरी. चौकट आदल्या आठवड्यात गच्चीवरून उतरवून जिन्याखाली ठेवली होती. कोणीतरी इमारतीच्या बैठकीत म्हणालं, या तारेतून किरणं बाहेर पडतात. अहो, ती फक्त ऐकते! बोलत नाही. महिनाभर एकेकाला घरी बोलावून रेघ दाखवली, तेव्हा कुठे चौकट परत वर गेली. माणसं वाईट नव्हती, आधीच दाखवायला हवं होतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, सात मिनिटं. आणि खरा विषय राहिलाच! भराभर सांगते, लिहून घ्या.

ज्वालांचे वर्ग पाच: ए, बी, सी, एम, एक्स. प्रत्येक पुढचा वर्ग दसपट. साध्या चौकटीला सी वर्गातल्या मोठ्या ज्वाला कळायला लागतात, एम ठळक दिसतात. चौकटीची कड प्रक्षेपकाकडे हवी, म्हणजे आपल्याकडून साधारण दक्षिण-आग्नेयेला. साउंड कार्डची गती ४८,००० ठेवा, २४ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांपासून लांब. वेळ घड्याळाची नको, इंटरनेटवरून जुळवलेली हवी. वही रोज लिहा, कोऱ्या दिवसाचीसुद्धा.

सूर्यापलीकडचे क्ष-किरण. १८ जून १९६२ ला रिकार्दो जाकोनी आणि सहकाऱ्यांनी रॉकेट सोडलं. चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधायचे होते, सापडला वृश्चिकेतला क्ष-किरणांचा एक स्रोत, स्कॉर्पियस एक्स-१. त्याच स्रोताचा वेध आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी २८ एप्रिल १९६८ ला हैदराबादहून बलून सोडून घेतला. मग क्ष-किरण बघणारे आपले उपग्रह, २०१५ चा अ‍ॅस्ट्रोसॅट, २०२४ च्या १ जानेवारीचा एक्सपोसॅट. सूर्याकडे रोखलेला आदित्य-एल१, त्यावर क्ष-किरणांची दोन उपकरणं, सोलेक्स आणि हेलिओस. याच यानावरचा सूट कॅमेरा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने घडवला, तो अतिनील किरणांचा. आणि तार फक्त सूर्याचीच नाही बरं का. २७ ऑगस्ट १९९८ ला हजारो प्रकाशवर्षांवरच्या एका न्यूट्रॉन ताऱ्याचा स्फोट असा होता, की पॅसिफिकवर रात्र असताना तिथलं आयनांबर दिवसासारखं खाली आलं. ते अशाच लहरींवर टिपलं गेलं.

पावसाळ्यात आपली दुर्बीण चार महिने पेटीत असते. तार ढगांतून बघते, फक्त विजांचा खडखडाट सोसावा लागतो. आणि पंचविसावं चक्र आता उताराला लागलंय. उतारावर मोठ्या ज्वाला येतात, २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आल्या होत्या. म्हणून पुढच्या वर्षी नको, या दिवाळीच्या सुट्टीतच वेढे घाला.

दोन मिनिटं आहेत ना? मग रात्रीवाल्यांसाठी. आज आठ वाजता हंस वायव्येला असेल. त्याच्या मानेत ईटा हा तारा आहे. तो दृष्टिक्षेत्रात आणा आणि अर्ध्या अंशाच्या आत नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, एक निळसर ठिपका शोधा, एचडीई २२६८६८. लहान दुर्बिणीला पुरेसा आहे. तो ५.६ दिवसांत ज्याच्याभोवती फिरतो ते कृष्णविवर दिसणार नाही. हंस एक्स-१ म्हणतात ते हेच. चौकट बाहेर टेबलावर ठेवलीय. चहा घेताना वेढे मोजून बघा, आणि तार कुठल्या दुकानात मिळते ते मला विचारा.