सहाव्या माणसाची शर्यत

शनिवार, २८ मार्च १९०३. स्थळ : स्कॉटलंडमधील हॅमिल्टन पार्क, ग्लासगो शहराच्या आग्नेयेला असलेले घोड्यांच्या शर्यतींचे मैदान. एरवी जेथे घोड्यांवर पैसे लावले जात, तेथे त्या दिवशी इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चार देशांचे धावपटू सुमारे आठ मैलांच्या शर्यतीसाठी उभे होते. आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री अजिंक्यपद स्पर्धेची ही पहिली शर्यत.

ब्रिटनमध्ये हा खेळ तोवर चांगलाच मुरला होता. शाळांमधील मुले ‘ससा आणि शिकारी कुत्रे’ या नावाने तो खेळत असत : ससे झालेले गडी कागदाचे कपटे टाकत पुढे पळत आणि उरलेले त्या मागावरून कुंपणे, ओढे आणि नांगरलेली शेते ओलांडत त्यांचा पाठलाग करीत. मोठ्यांनी याच खेळाला स्पर्धेचे रूप दिले, पण त्याची सुरुवात अडखळतच झाली. १८७६ साली लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत घेण्यात आली, तेव्हा सर्वच्या सर्व ३२ धावपटू वाट चुकले आणि शर्यत रद्दबातल ठरवावी लागली. पुढे बंदिस्त रेसकोर्स सोयीचे का वाटले असतील, हे यावरून सहज लक्षात यावे. शिवाय तेथे प्रेक्षकांना बसायला जागा होती आणि दारावर तिकीटही लावता येत होते.

हॅमिल्टनला सर्वांचे लक्ष आल्फ्रेड श्रब या इंग्लिश धावपटूवर होते. ससेक्स परगण्यातील स्लिनफोल्ड गावी जन्मलेला श्रब बांधकामावर बिगारी म्हणून काम करीत असे. गावाकडे आग लागल्याची घंटा ऐकून तो कामाच्याच कपड्यांत आगीच्या बंबामागे मैलोन्‌मैल पळत गेला आणि तेव्हाच एका जाणत्या धावपटूची नजर त्याच्यावर पडली, अशी कथा सांगतात. अशा कथांना सांगता सांगता पाय फुटतात हे खरे. पण श्रबच्या पायांबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नव्हती. सुमारे ४६ मिनिटे २२ सेकंदांत शर्यत पूर्ण करून तो या स्पर्धेचा पहिला विजेता ठरला आणि पुढच्या वर्षी लँकेशायरमधील हेडॉक पार्क येथेही तोच जिंकला. त्याच १९०४ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या आयब्रॉक्स पार्कवर त्याने एका तासात साडेअठरा किलोमीटरहून अधिक अंतर कापण्याचा विक्रम केला. १९०५ साली मात्र पैशांच्या देण्याघेण्यावरून त्याला हौशी खेळाडूंच्या स्पर्धांतून बाद करण्यात आले आणि तिसऱ्या विजेतेपदाचा प्रश्नच उरला नाही.

श्रब गेला, तरी इंग्लंडचे काही अडले नाही; कारण ही स्पर्धा मुळात एकट्याची नव्हती. प्रत्येक संघाच्या पहिल्या सहा धावपटूंचे क्रमांक घ्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजेता, असा तिचा हिशेब होता. १८९८ मध्ये पॅरिसजवळ व्हिल दाव्रे येथे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या लढतीत या हिशेबाची धार दिसली होती. तेथे इंग्लंडचे २१ गुण झाले, म्हणजे पहिले सहाही क्रमांक त्यांचेच. फ्रान्सचे झाले ६९, म्हणजे त्यांच्या पहिल्या माणसाचा क्रमांक नववा. सातव्या आणि आठव्या इंग्लिश धावपटूंचे गुण धरलेच गेले नाहीत, पण त्यांच्या पुढे असण्यानेच प्रत्येक फ्रेंच धावपटूच्या खात्यात दोन गुणांची भर पडली. मधल्या घोळक्यात, चिखलात, कोणाचेही लक्ष नसताना एकाला मागे टाकणे किती मोलाचे ठरते, हे या खेळात पळणाऱ्यालाच कळते.

१९०७ पासून फ्रान्स या स्पर्धेत उतरू लागला आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण तिला जरा अधिक शोभू लागले. लवकरच मार्सेचा ज्याँ बुऐं पुढे आला. १९११, १९१२ आणि १९१३ अशी सलग तीन वर्षे त्याने सर्वांना मागे टाकले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटरचे सुवर्णपदक त्याच्या हातून अवघ्या एक दशांश सेकंदाने निसटले होते. असा हा धावपटू. तरीही या तिन्ही वर्षी सांघिक विजेतेपद इंग्लंडकडेच राहिले. बुऐंने कितीही मोठे अंतर राखून शर्यत जिंकली, तरी त्याच्या संघाला त्याचा एकच गुण मिळणार होता. उरलेले पाच जण कुठे आहेत, यावर सगळे अवलंबून होते. १९१४ च्या सप्टेंबरात, पहिले महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा, बुऐं आघाडीवर मारला गेला.

युद्धकाळात बंद पडलेली स्पर्धा १९२० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही इंग्लंडच जिंकले. १९०३ पासून झालेल्या चौदाच्या चौदा स्पर्धांचे सांघिक विजेतेपद एकाच देशाकडे होते. १९२२ साली ग्लासगोमध्ये ही साखळी तुटली. युद्धात विषारी वायूचा त्रास भोगलेला फ्रान्सचा जोसेफ गियमो तेथे पहिला आला आणि या वेळी त्याचे सोबतीही मागे राहिले नाहीत : फ्रान्सने प्रथमच सांघिक विजेतेपद मिळवले.

ही स्पर्धा १९७२ पर्यंत चालली. त्यानंतर तिची सूत्रे जागतिक ॲथलेटिक्स महासंघाकडे गेली आणि १९७३ साली बेल्जियममधील वारेगेम येथे पहिली जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा भरली. पुरुषांच्या शर्यतीत फिनलंडचा पेक्का पैवारिंता पहिला आला आणि सांघिक सुवर्ण मिळाले ते यजमान बेल्जियमला.