बाटलीवर नाव नाही

[दृश्य: लांब टेबल. तपकिरी बाटल्यांची रांग, प्रत्येकीच्या गळ्याला रबरबँडने अडकवलेली चिठ्ठी.]

अमेरिकेतली शनिवारची सकाळ. घरी केलेल्या बिअरची स्पर्धा. या बाटल्यांवर ना लेबल, ना नाव. आहे तो फक्त क्रमांक. आतली बिअर कुणी गॅरेजमध्ये केली आहे, कुणी स्वयंपाकघरात. कुठली कुणाची, हे परीक्षकांना कळता कामा नये.

१९३३मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली. बिअर मात्र राहून गेली. ती वाट मोकळी झाली १९७८मध्ये, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पपेझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन ही घरी बिअर करणाऱ्यांची संघटना सुरू केली. अलाबामा आणि मिसिसिपीतल्या हौशी मंडळींना मात्र राज्याच्या कायद्यामुळे २०१३पर्यंत थांबावं लागलं.

घरची बिअर विकता येत नाही. म्हणजे गिऱ्हाईक नाही. मित्र पितात, पण यजमानाच्या ग्लासाला कोण नावं ठेवणार? म्हणून ही बाटली अनोळखी माणसांपुढे येते.

[दृश्य: परीक्षक ग्लास नाकाशी नेतो. पेन्सिल कागदावर.]

ओतल्या ओतल्या आधी वास. तो पटकन उडून जातो. एकूण गुण ५०. त्यातले २० चवीचे, १२ वासाचे. रंग-फेसाला अवघे ३. बिअर चांगली असूनही चुकीच्या प्रकारात पाठवली, तर गुण जातात. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळ्याचा वास हवाच. तोच पिल्सनर या फिक्या सोनेरी बिअरमध्ये आला तर दोष.

मला विचाराल तर इथलं खरं धन म्हणजे हा कागद. त्यावर एक शब्द वारंवार दिसतो: लोणी.

घरच्या विरजणातून निघालेल्या लोण्याचा तो ओळखीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते डायअसिटिल. बिअर आंबताना यीस्टच्या कामातूनच ते तयार होतं, आणि सवड मिळाली तर यीस्टच ते परत शोषून घेतं. पण बिअर घाईने गार केली की यीस्ट तळाशी बसतं आणि लोणी बिअरमध्ये राहून जातं. घरी रोज तीच बिअर चाखणाऱ्याला याची सवय होते. त्याला ते जाणवतच नाही. समोरचा परीक्षक पहिल्या घोटाला ओळखतो, आणि कागदावर फक्त 'लोणी' लिहून थांबत नाही. लिहितो: आंबणं संपत आलं की दोन-तीन दिवस जरा उबेत ठेवा, मग गार करा.

[दृश्य: रात्रीचं गॅरेज. जुना फ्रिज, आत बिअरचं पिंप. दारावर चिकटवलेली गुणपत्रिका.]

पिंपावरची हवेची नळी आता मिनिटाला एखादाच बुडबुडा सोडते. आतला काटा १० अंशांवर आहे.

हात बटणाकडे जातो. १८.