शोधायला उजेड लहान हवा

मंडळी, पेसाहची, म्हणजे ज्यूंच्या गुलामीतून सुटकेच्या सणाची, तयारी म्हटलं की घराची झाडलोट डोळ्यांसमोर येते. कपाटांच्या फटी, कोटांचे खिसे, मुलांची दप्तरं, सगळं उलटंपालटं होतं. कारण ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या १४ तारखेला दुपारच्या आत घरातलं हामेत्झ गेलं पाहिजे. हामेत्झ म्हणजे गहू, जव अशा पाच धान्यांपैकी कशाचंही पाण्यानं आंबलेलं रूप. पाव, केक, बिअरसुद्धा. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी तर या सणाला नावच दिलं होतं ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचा सण.

आता गंमत बघा. सणात खायची मात्झा, ती पातळ बिनखमिराची भाकरी, तीही त्याच गव्हाची, त्याच पाण्याची. फरक पडतो तो वेळेनं. पिठात पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भट्टीत जायला हवी. हात थांबला, कणीक तशीच पडून राहिली, की झालं हामेत्झ! हिब्रूत ‘मात्झोत’ची अक्षरं तीच ठेवून ‘मित्झवोत’, म्हणजे आज्ञा, असं वाचता येतं. म्हणून जुने रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सांगत: सत्कर्म हाताशी आलं तर त्याला आंबू देऊ नका. तालमूदमध्ये, म्हणजे या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी अलेक्झांद्री यांची प्रार्थना आहे. देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे वागावं हीच आमची इच्छा. पण आड येतं ते पिठातलं खमीर आणि परक्यांची सत्ता. दोन्ही एका दमात! इजिप्तच्या राजाच्या, फारोच्या, गुलामीतून सुटलेल्या लोकांना हे ठाऊक आहे की माणसाला बांधून ठेवणारं काही त्याच्या आतही फुगत असतं.

मग ते शोधायचं कसं? आदल्या रात्री दिवे मालवतात. बाप मेणबत्ती धरतो, मुलाच्या हातात पीस आणि लाकडी चमचा. शोध वाया जाऊ नये म्हणून कितीतरी घरांत पावाचे दहा तुकडे मुद्दाम लपवलेले असतात. फडताळाच्या कोपऱ्यात ज्योत नेऊन, पिसानं कण चमच्यात ओढायचा. तालमूद म्हणतं, मशाल नको. मशालीची माणसाला भीती वाटते, आणि ती फटीत शिरत नाही. तिथंच बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन येतं: माणसाचा आत्मा हा परमेश्वराचा दिवा, अंतरंगाचे सगळे कप्पे तो धुंडाळतो. स्वतःकडे बघायला प्रखर झोत लावला की माणूस घाबरून डोळे मिटतो, हे ज्यांनी ओळखलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि या शोधाला हद्दही आहे. एखाद्या मुंगसासारख्या प्राण्यानं या घरातून त्या घरात तुकडा ओढून नेला असेल का? तालमूदचा गाभा असलेली मिश्ना सांगते, ही शंका धरू नका. धरलीत तर तिला अंतच नाही.

शोध संपला की चमचा, पीस, सापडलेले तुकडे बांधून ठेवतात आणि अरामी या जुन्या भाषेत ‘कोल हमीरा’, म्हणजे ‘सगळं खमीर’, हे वचन म्हणतात. आपला ‘खमीर’ हा शब्द ‘हमीरा’च्याच कुळातला. अर्थ कळणं महत्त्वाचं, म्हणून ज्याला अरामी येत नाही त्यानं आपल्या भाषेत म्हणावं. रात्री म्हणायचं: मला न दिसलेलं सगळं खमीर मातीच्या धुळीसारखं बेवारस होवो. सकाळी अंगणात ते बोचकं पेटवतात, आणि तेव्हा वाक्य जरा लांबतं: जे दिसलं तेही, जे दिसलं नाही तेही.