मांडवापासून शाळा शंभर पावलांवर

(बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात, साहित्य संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी शिक्षक आणि वाचनालयाच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कमी केलं आहे.)

मंडळी, आधी एक कबुली देतो. शाळेतल्या मुलांसमोर बोलायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊण तास भाषण ठोकलं. खानापूर तालुक्यातलं गाव, जानेवारीचे दिवस, मुलं अंगणात सतरंजीवर बसलेली. ऊन सरकत सरकत त्यांच्या डोक्यावर आलं आणि मी मात्र वर, पत्र्याच्या सावलीत. वाचनाचं महत्त्व सांगितलं. ‘वाचाल तर वाचाल’ हेसुद्धा म्हणालो. आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. शेवटी हेडमास्तर म्हणाले, “कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.” कुणी हलेना. मग मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. मला बरं वाटलं, चला, एकाला तरी भिडलं. तो म्हणाला, “सर, लघवीला जाऊ?”

त्या दिवशी मला एक शाल, एक नारळ आणि हा एक प्रश्न मिळाला. तिन्हींपैकी प्रश्न तेवढा अजून माझ्याजवळ आहे.

आपल्या भागात लेखक येत नाहीत अशी तक्रार मी कधी करणार नाही. बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीनदा भरलं. १९२९ साली शिवराम महादेव परांजपे अध्यक्ष होते, १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर, २००० साली य. दि. फडके. शेहेचाळीसच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते तुम्हाला मी सांगायला नको. मोठी संमेलनं सोडा. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी, तिकडे निपाणीकडे कारदगा, सुगी आटोपली की गावोगाव मांडव पडतात. गावातली माणसं वर्गणी काढतात, घरोघरी पाहुणे जेवायला वाटून घेतात. भात पिकवणारी माणसं स्वतःच्या खर्चाने कवी बोलावतात, याचं मला दरवर्षी नव्याने नवल वाटतं.

पण या सगळ्यात आपली मुलं कुठे असतात? ग्रंथदिंडीत. सकाळी सातला उठून, फेटे बांधून, नऊवारी नेसून, लेझीम खेळत पालखीपुढे दीड-दोन तास चालतात. पालखीत पुस्तकं असतात, पण ती उघडायची नसतात, वाहायची असतात. दिंडी मांडवात पोचली की मुलांच्या हातात चिरमुऱ्याचा पुडा देतात आणि घरी पाठवतात. मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन, सगळं मोठ्यांचं. लेखक मांडवापर्यंत येतो. मांडवापासून शाळा शंभर पावलांवर असते. ती शंभर पावलं तो चालत नाही, कारण त्याला कुणी चालवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की संमेलनाला येणारा लेखक एक दिवस आधी बोलवा आणि त्याला शाळेत न्या. मात्र भाषणाला नको. त्याला बोलू द्यायचं नाही, उत्तरं द्यायला लावायची.

आता ते जमवायचं कसं, यात मी बरीच वर्षं चुकत चुकत काही शिकलोय, तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे मुलांनी त्या लेखकाचं काहीतरी आधी वाचलेलं पाहिजे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण दहापैकी नऊ शाळांत इथेच गाडी अडते. तिथे मुलांना लेखकाचं नावही फळ्यावर त्याच दिवशी सकाळी कळतं. एका शाळेत माझ्या स्वागताचा फ्लेक्स लावला होता, माझ्याच फोटोचा, दारापेक्षा मोठा. गुरुजींना विचारलं, केवढ्याला पडला? म्हणाले, बाराशे. माझं पुस्तक दीडशेचं. म्हणजे माझ्या तोंडाच्या किमतीत आठ पुस्तकं आली असती. चाळीस मुलांच्या वर्गाला आठ प्रती पुष्कळ झाल्या, पाच जणांत एक. दिवाळीच्या सुट्टीआधी वाटा. ज्यांना अजून नीट वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाईंनी परिपाठानंतर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचावं. पंधरा दिवसांत दोन-तीन गोष्टी सहज होतात. आपल्याकडच्या पुष्कळ शाळांत पटच वीस-पंचवीसचा असतो, तिथे सगळी शाळा एकत्र बसली तरी चालतं. पहिलीची पोरं ऐकता ऐकता झोपली तर झोपू द्या.

दुसरं, चिठ्ठ्या. मुलांना हात वर करून बोला म्हटलं की हुशार तिघंच बोलतात, आणि त्यांचे प्रश्न सरांनी लिहून दिलेले असतात. “आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?” असा प्रश्न सातवीतलं पोर विचारत नाही हो, तो हेडमास्तरांचा प्रश्न असतो. त्यापेक्षा बिस्किटांचा रिकामा डबा आठवडाभर वर्गात ठेवा. ज्याला जे वाटेल ते त्याने कागदावर लिहावं, नाव घालायचं नाही, शुद्धलेखन कुणी तपासायचं नाही. तो डबा लेखकानेच वर्गात उघडायचा. माझ्या वाट्याला आलेल्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. “पुस्तक छापायला तुम्ही पैसे दिला की त्यांनी तुम्हाला दिले?” “कुत्रा मेला ते खरं आहे काय? का मारला?” “तुम्हाला मराठीत किती मार्क पडायचे?” “पुस्तक लिहिताना चुकलं तर कोण मारतं?” या शेवटच्या प्रश्नावर मी वर्गात पंधरा मिनिटं बोललो. खोडलेली पानं दाखवली. एका गोष्टीची सुरुवात मी सात वेळा लिहिली होती, ती वही मुद्दाम पिशवीत घेऊन जातो आता. ती वही हातोहात फिरते तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो दुसऱ्याचं चुकलेलं पाहण्याचा शुद्ध आनंद असतो.

बाकी बारीकसारीक. माइक नको. खुर्ची नको, मुलांबरोबर खाली बसावं. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या, मंडळींनी चहा घ्यावा पण ऑफिसात. आणि सरांनी हातात पट्टी घेऊन मागे उभं राहू नये.

आता ज्या कारणासाठी मी हे सगळं मनावर घेतलं ती गोष्ट सांगतो.

माझ्या एका गोष्टीत आजी नातवाला बाजारातून आणलेले चुरमुरे देते. बेळगावजवळच्याच एका शाळेत सहावीतली एक मुलगी उठली. चिठ्ठी नाही, डबा नाही, सरळ उठून म्हणाली, “सर, चुरमुरे नव्हे की. चिरमुरे.” वर्ग हसला. बाई ओशाळल्या, “अगं, पुस्तकात तसंच लिहितात.” मुलगी बसली. मी गप्प. कारण मला खरं काय ते ठाऊक होतं. मी चिरमुरेच लिहिलं होतं. तपासणाऱ्याने ‘चुरमुरे’ केलं आणि प्रुफं माझ्याकडे आली तेव्हा मीही ते तसंच राहू दिलं. राहू दिलं म्हणजे काय, मला ते बरंच वाटलं. पुण्यात छापलेल्या पुस्तकात पुण्याचा शब्द. माझ्या आजीने जन्मात चुरमुरे म्हटलं नव्हतं.

हे मी त्या वर्गात सगळं सांगितलं. मग मुलं सुटलीच. पुस्तक उघडून एकेक शब्द काढायला लागली. “आमची आजी असं म्हणत नाही.” “आम्ही ‘हो ना’ म्हणत नाही, ‘होय की’ म्हणतो.” एकाने विचारलं, आमच्या बोलण्यात कन्नड शब्द येतात, ते लिहिले तर चालतात काय? मी म्हटलं, तू अण्णा म्हणतोस, अक्का म्हणतोस, भातावर तूप घेतोस, आजीच्या पानाच्या डब्यात अडकित्ता असतो. हे सगळे शब्द मराठीत कन्नडातूनच आले, आणि पुण्यातली माणसंही तेच वापरतात. त्या पोराने बाईंकडे असं पाहिलं, जणू आता सांगा.

आमच्या मुलांची अडचण समजून घ्या. ती घरी एक मराठी बोलतात, पुस्तकात दुसरी वाचतात, शाळेत कन्नड शिकतात, बाजारात दोन्ही मिसळतात. पाठ्यपुस्तकं कर्नाटकची. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते, पण आपल्याकडच्या शाळेत कुणी आपल्या खिशातून वर्गणी भरली तरच ते दिसतं. मग मुलाला वाटतं, पुस्तकातलं मराठी दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ते लिहिणारी माणसं लांबची, पांढऱ्या कपड्यांतली, बहुधा मेलेली.

आणि खरं तर ती इथलीच होती. इंदिरा संत याच बेळगावात राहिल्या, ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होत्या, पुढे प्राचार्या झाल्या. तुमच्यापैकी कुणाच्या आजी त्यांच्या हाताखाली शिकल्याही असतील. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांच्या कथांमधला लंपन आपल्याच भागातला मुलगा, त्याच्या बोलण्याला इथला वास आहे. मी सातवीच्या वर्गात त्यातलं एक पान वाचतो तेव्हा मुलं एकमेकांकडे बघतात. हे तर आपल्यातलंच बोलतंय. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवायचे आणि लिहायचे. २०२४ साली ते गेले. मी हे सांगितलं की कुणीतरी विचारतंच, “गिरणीत बसून?” होय, गिरणीत बसून. एका मुलाच्या वडिलांची गिरणी होती. तो तास संपेपर्यंत माझ्याकडे बघतच होता.

एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी बोलतो. मराठी शाळेत कन्नड लेखकालाही बोलवा. चंद्रशेखर कंबार आपल्या जिल्ह्यातले, घोडगेरीचे. ज्ञानपीठ मिळालेला माणूस. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलत आणि कविता ते कन्नडात लिहीत. त्यांनाही ज्ञानपीठ मिळालं. आपल्या मुलांना कन्नड कळतं, पुण्याच्या मुलांना कळत नाही. हे आपल्या मुलांचं भांडवल आहे, ते आपणच लपवून ठेवतो. सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होईल. खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यावर मोर्चे काढायला आपण मोठी माणसं आहोत. बाहेरून येणाऱ्या लेखकांना मी हात जोडून सांगतो, शाळेत तुमचं भाषण त्यावर सुरू करू नका. एकदा एका पाहुण्याने पाचवीच्या वर्गात “तुम्ही लढताय” असं म्हटलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कोण कुणाशी लढतंय म्हणून.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. पावणेदोनशे वर्षं आपल्याकडे पुस्तकं आहेत. वाचनालयवाल्यांना माझी विनंती वेगळी आहे: लेखक येऊन गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात शाळेत पेटी पाठवा. लेखक गेला की मुलांना आठ दिवस वाचायची भूक असते. त्यानंतर क्रिकेट सुरू होतं.

बरं. उद्या दिंडी सातला आहे, पण तुमच्या हेडमास्तरांनी माझं ऐकलंय. लेझीम यंदा तरुण मंडळ खेळणार आणि सहावी-सातवी दहा वाजता वर्गात माझी वाट बघणार. तीन प्रती दिवाळीपासून वर्गात फिरतायत म्हणे. डबाही ठेवलाय. त्यातली एक चिठ्ठी मघाशी चहाच्या वेळी एका बाईंनी मला चोरून दाखवली, नियम मोडून. पोराने लिहिलंय, “गोष्टीतली म्हैस गाभण होती. मग जांबोटीपासून बेळगावपर्यंत चालवत का आणली? टेम्पो नव्हता काय?”

टेम्पो होता. गोष्ट घडते त्या काळात जांबोटीत टेम्पो नक्की होते. म्हैस मी चालवत आणली, कारण मला वाटेत वाचणाऱ्याला रडवायचं होतं. पण म्हशी पाळणाऱ्या घरातल्या पोराला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, ते उद्या दहाच्या आत ठरवायचंय.