वाक्य तोंडातून निघण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

सकाळचे अकरा वाजून गेलेत. स्किझोफ्रेनिया असलेला तिशीतला मुलगा अजून अंथरुणातच आहे. आई दारात येते आणि बोलून जाते, "अजून लोळतोयस? स्वतःहून काही म्हणून करायचं नाही का रे तुला?" हे वाक्य तिनं ठरवून म्हटलेलं नसतं, विचार करायच्या आधीच ते निघून गेलेलं असतं. पुढचा सगळा दिवस मग त्याच्याच सावटाखाली जातो. मुलगा दार लावून घेतो, आई स्वतःला बोल लावत बसते आणि दुपारच्या गोळीच्या वेळी दोघंही आधीच चिडलेले असतात.

दीर्घकाळ चालणारा मानसिक आजार घरात असेल तर काळजी घेणाऱ्या माणसानं, म्हणजे शुभंकरानं, सजगतेचं (माइंडफुलनेसचं), म्हणजे आत्ता मनात आणि शरीरात काय चाललंय ते शांतपणे पाहण्याचं, प्रशिक्षण घ्यावं असं आम्ही आग्रहानं सांगतो. या प्रशिक्षणानं घर एकदम शांत होईल अशी आशा आम्ही दाखवत नाही. आमचा भर असतो तो त्या वाक्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांवर. सरावानं ते सेकंद हाती लागू शकतात.

घरातल्या बोलण्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर बरंच जुनं आहे. 1950च्या दशकात लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांचे सहकारी रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णांचा मागोवा घेत होते. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटत होता. पुढच्या संशोधनात कारण उलगडत गेलं. सततची टीका, तिरस्कार आणि अतिगुंतवणूक, म्हणजे आजारी माणसात भावनेनं गरजेपेक्षा जास्त गुंतून राहणं, या तीन गोष्टी जिथे जास्त, तिथे आजार उलटण्याचा धोका जास्त. 1976मध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आणखी एक बाजू दाखवली. अशा घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त वेळ एकमेकांच्या समोरासमोर गेला की धोका आणखी वाढायचा, आणि नियमित औषध घेणाऱ्यांना बरंच संरक्षण मिळायचं.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घरच्यांच्या टीकेमुळे स्किझोफ्रेनिया होतो, असा याचा अर्थ अजिबात नाही. थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाकडून टीका होतेच आणि तिची मुळं त्या थकव्यात असतात. शिवाय या पाहण्यांमध्ये घरातला जिव्हाळा आणि कौतुकाचे शब्दही मोजले गेले होते. घराकडे असलेलं ते बळ आहे.

टीका नेमकी कुठून येते? बहुतेक वेळा एका समजुतीतून: हा मुद्दाम करतोय. भास आणि संशय हा आजार आहे हे घरच्यांना लवकर पटतं. न उठणं, आंघोळ टाळणं, चेहऱ्यावर भाव नसणं, कशातच मन न लागणं हीसुद्धा याच आजाराची लक्षणं आहेत, हे मात्र माहीत असूनही पटत नाही. अंथरुणातला माणूस आळशीच दिसतो. ही माहिती डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलेली असते, पण चिडलेल्या क्षणी ती आठवतच नाही. ती वेळेवर आठवावी म्हणून सराव.

आता प्रशिक्षणाकडे वळू. 1979मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा एक कार्यक्रम सुरू केला. आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवसाचं मौन आणि घरी रोज सुमारे 45 मिनिटं सराव. आज चालणारे बरेचसे सजगता-वर्ग याच आराखड्यावर बेतलेले असतात. पण शुभंकराला रोज सलग पाऊण तास मिळणार कुठून? मिळाला तरी त्याचा एक कान शेजारच्या खोलीकडे असतो. पहिल्याच आठवड्यात सराव चुकतो, अपराधी वाटू लागतं आणि तिसऱ्या आठवड्यात वर्ग सुटतो. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: दिवसातून एकदा दहा मिनिटं बसून सराव आणि त्याशिवाय तीन मिनिटांचे दोन-तीन थांबे. एवढं रोज झालं की पुरे.

दहा मिनिटांची बैठक कशी करायची ते ऐका. खुर्चीवर बसा. पाठ शक्यतो टेकू नका, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवा. डोळे मिटायलाच हवेत असं नाही, समोर चार-पाच फुटांवर जमिनीकडे नजर ठेवली तरी चालते. मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावा, म्हणजे घड्याळाकडे पाहावं लागत नाही. पहिली दोन मिनिटं फक्त आवाज ऐका. रस्त्यावरचा, पंख्याचा, शेजारच्या खोलीतला. तो कान बंद करायचा प्रयत्न करू नका, कारण तो बंद होत नाही. उलट त्यालाच सरावात सामील करून घ्या. पुढची दोन मिनिटं लक्ष तळव्यांवर आणा: टाच कुठे टेकली आहे, बोटं गार आहेत का. उरलेली सहा मिनिटं श्वासावर. पोट वर येतं, खाली जातं, एवढंच पाहायचं. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही.

मन पळणारच. ते पळालं हे लक्षात आलं की मनातल्या मनात एका शब्दात नोंद घ्या, "काळजी", "आठवण" किंवा "हिशेब", आणि परत पोटाकडे या. दहा मिनिटांत चाळीस वेळा पळालं तर चाळीस वेळा परत या. हे परत येणं हाच खरा व्यायाम आहे. "मला जमत नाही, मन रिकामं होतच नाही" ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. मन रिकामं करायला कुणी सांगितलेलंच नाही. दुसरी तक्रार झोपेची. शुभंकरांची झोप कायमच अपुरी असते, त्यामुळे बसल्याबसल्या डुलकी येते. मग उभं राहून सराव करा किंवा खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत पावलांवर लक्ष ठेवा. तरीही झोप आली तर सरळ झोपा, शरीराला त्या वेळी झोपच हवी असते.

काहींना श्वासाकडे लक्ष देताच छातीत धडधडतं, गुदमरल्यासारखं होतं. घरात मारहाण, आत्महत्येचा प्रयत्न किंवा असंच काही भयंकर अनुभवलेल्या माणसांच्या बाबतीत हे होऊ शकतं. अशा वेळी नेटानं बसून राहू नका. डोळे उघडा, श्वास सोडून द्या, तळवे किंवा खोलीतल्या वस्तू यांवर लक्ष ठेवा आणि प्रशिक्षकाला सांगा.

आता तीन मिनिटांचा थांबा. त्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या मिनिटात स्वतःला विचारा, आत्ता काय चाललंय? मनात कोणता विचार आहे, कोणती भावना आहे, शरीरात कुठे ताण आहे? दुसऱ्या मिनिटात लक्ष फक्त श्वासावर किंवा तळव्यांवर गोळा करा. तिसऱ्या मिनिटात ते लक्ष पसरू द्या, पूर्ण शरीर, चेहरा, खांदे, आजूबाजूची खोली. हा थांबा "वेळ मिळेल तेव्हा" घ्यायचं ठरवलं तर तो कधीच घेतला जात नाही. तो एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा: गोळ्यांचा डबा हातात घेण्याआधी, कामावरून आल्यावर घराचं दार उघडण्याआधी, डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसल्यावर.

त्या अकरा वाजताच्या दारात मात्र तीन मिनिटंही नसतात, तिथे एकच श्वास मिळतो. त्यासाठी रागाची स्वतःच्या शरीरातली पहिली खूण ओळखून ठेवावी लागते. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाचा आवाज आधीच चढलेला असतो. आठवडाभर फक्त तेवढंच शोधा, बोलणं बदलायला जाऊ नका. खूण सापडली की पुढच्या आठवड्यात ती जाणवताक्षणी हात दाराच्या चौकटीवर ठेवा, एक श्वास पूर्ण बाहेर सोडा आणि मनात म्हणा, "राग आलाय. हा मुद्दाम करतोय, असा विचार आलाय." विचार खरा की खोटा यावर वाद घालत बसू नका. तो विचार आहे एवढं दिसलं की बोलायला दुसरी जागा मिळते. मग वाक्य असं येऊ शकतं: "अकरा वाजलेत. मी पाणी तापवलंय. आंघोळ आत्ता करतोस की अर्ध्या तासानं?" त्यात एकच काम आहे, दोन पर्याय आहेत आणि माणसाच्या स्वभावावर शेरा नाही. तो तरीही उठणार नाही कदाचित. पण दुपारची गोळी भांडणात अडकणार नाही.

संशयाच्या गोष्टी ऐकतानाही हाच श्वास उपयोगी पडतो. "शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात" असं ऐकलं की आपण लगेच पुरावे द्यायला धावतो, आणि वाद चिघळतो. होकार देणंही बरोबर नाही. आधी स्वतःची घाई ओळखा, मग त्यातल्या भावनेला उत्तर द्या: "तुला भीती वाटतेय. मला तसं दिसत नाही, पण तुझ्याजवळ मी बसतो."

अतिगुंतवणुकीबद्दल फार कमी बोललं जातं. चाळीस वर्षांच्या भावाच्या हातून कपही धुऊ न देणं, त्याला क्षणभर एकटं न सोडणं, हे प्रेमच असतं, पण त्याच्या मुळाशी भीती असते. बैठकीत ती भीती स्पष्ट दिसू लागते. त्यानंतर रोज एखादा तास दोघांनी वेगवेगळं राहणं, त्याचं एक काम त्याच्यावर सोडणं, हे पेलू लागतं. त्या 35 तासांच्या निरीक्षणाचा घरात उपयोग करायचा तो असा.

काही मर्यादा आहेत. सजगता औषधाची जागा घेत नाही, आजाराची माहिती देणाऱ्या कुटुंब-सत्रांचीही नाही. अंगावर धावून येणं, आत्महत्येची भाषा, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसणं, अशा वेळी श्वास पाहत बसू नका. सुरक्षित जागी जा, मदत बोलवा, डॉक्टरांना कळवा. सराव म्हणजे मार निमूट सोसणं नव्हे. घरातल्या इतरांनी "तू आता ध्यान करतेस ना, मग सांभाळ" असं म्हणून अंग काढून घेणं हा तर सरळ अन्याय आहे. आणि आजारी माणसाला उत्साहानं सोबत बसवू नका. भास तीव्र असताना लांब मौन त्याला त्रासदायक ठरू शकतं, तो निर्णय त्याच्या डॉक्टरांबरोबर व्हायला हवा. तुम्हाला स्वतःला दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, भूक-झोप गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घ्या.

वर्ग निवडताना प्रशिक्षकाला तीन प्रश्न विचारा. मानसिक आजार असलेल्या कुटुंबांबरोबर तुम्ही काम केलंय का? सरावात कुणी घाबरलं, रडू लागलं तर तुम्ही काय करता? घरच्या अडचणीमुळे एखादं सत्र चुकलं तर ते भरून कसं काढायचं? "सजगतेनं औषधं सुटतात" असं जो सांगेल, त्याच्याकडे जाऊ नका. शक्य असेल तर फक्त शुभंकरांचा गट शोधा, आठ-दहा जणांचा. तिथे "मला कधी कधी त्याचा तिटकारा येतो" हे वाक्य मोठ्यानं बोलता येतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी दचकत नाही.